हिरो तोच, पण लिहितंय कोण?

बॅटमॅन एकच, स्पायडर-मॅन एकच. मग एक अंक डोक्यावरून जातो आणि दुसरा रात्रभर झोपू देत नाही, असं का? उत्तर मुखपृष्ठावरच असतं, पण बारीक अक्षरात. सुपरहिरोंच्या आजच्या लेखकांचा हा ताळेबंद.

सिनेमाला जायचं म्हटलं की दिग्दर्शक कोण, हे आपण आवर्जून बघतो. कादंबरी तर लेखकाच्या नावावरच उचलतो. कॉमिक्सच्या शेल्फसमोर मात्र आपला एकच प्रश्न असतो, ‘बॅटमॅन आहे का?’ मग हाताला लागेल तो बॅटमॅन घरी येतो, दहाव्या पानावर जांभई येते आणि ‘कॉमिक्स हे काही आपलं काम नाही बॉस’ असा निकाल लागतो.

चूक बॅटमॅनची नसते. तो १९३९ पासून चालू आहे, सुपरमॅन त्याच्याही एक वर्ष आधीपासून. इतक्या वर्षांत ते किती हातांतून गेले, याची गणती नाही. इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्या आपल्या आई-बाबांना हा प्रॉब्लेम नव्हता. त्यांचा लाडका वेताळ ज्याने जन्माला घातला, त्या ली फॉकनेच १९३६ पासून थेट १९९९ मध्ये मरेपर्यंत तो लिहिला. बॅटमॅनचं तसं नाही. तो डीसी कंपनीचा, जसा स्पायडर-मॅन मार्वलचा. लेखक येतात, दोन-चार वर्षं लिहितात आणि जातात.

थोडक्यात, सुपरहिरोचा लेखक म्हणजे अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा भाडेकरू. रंग बदला, पडदे बदला, हिंमत असेल तर भिंतीला खिळे ठोका. पण फ्लॅट मालकाचाच. पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको!

ॲलन मूर आणि फ्रँक मिलर या १९८६ च्या जोडगोळीवर ढीगभर लिहून झालंय. म्हणून इथे त्यांच्यानंतरची मंडळी घेऊ. यांना एकामागोमाग एक वाचलं की एक मजेशीर गोष्ट ध्यानात येते. प्रत्येकाचा वीक पॉइंट त्याच्या स्ट्राँग पॉइंटमधूनच आलेला असतो. मिसळीच्या कटासारखं आहे हे. ज्या तिखटासाठी आपण जातो, तेच जास्त झालं की डोळ्यांतून पाणी येतं.

एक बॅटमॅन, तीन भाडेकरू

सुरुवात ग्लासगोच्या ग्रँट मॉरिसनपासून. २००६ मध्ये बॅटमॅन हाती आल्यावर मॉरिसनने एक भन्नाट गोष्ट ठरवली. १९३९ पासूनच्या सगळ्या कथा एकाच माणसाच्या आयुष्यात घडल्या, असं धरून चालायचं. पन्नासच्या दशकातल्या त्या एलियनवाल्या येडचाप कथासुद्धा! बाकीचे लेखक ज्या गोष्टी लाजून माळ्यावर टाकत होते, त्या मॉरिसनने हॉलमध्ये मांडल्या. वर बॅटमॅनला डॅमियन नावाचा दहा वर्षांचा उर्मट मुलगा आणून दिला. हा मुलगा पुढे रॉबिन झाला आणि वाचकांच्या गळ्यातला ताईतही.

मॉरिसनचा प्लस पॉइंट म्हणजे कल्पना. एका पानावर इतक्या, की दुसरा लेखक त्यावर वर्षभर काढेल. मायनस पॉइंटही तोच. ‘फायनल क्रायसिस’ (२००८-०९) वाचताना आपण लेक्चरला उशिरा पोचलोय आणि सर बोर्ड पुसताहेत, असं वाटत राहतं. आधीचं वाचलेलं नसेल तर अर्धी गंमत हुकते. पण हाच लेखक गृहपाठ न मागताही लिहू शकतो. चित्रकार फ्रँक क्वाइटलीबरोबरचं बारा अंकांचं ‘ऑल-स्टार सुपरमॅन’ (२००५-०८) त्याचा पुरावा. सुपरमॅनला कळतं, की आपल्या हातात थोडेच दिवस उरलेत. त्या गडबडीतही इमारतीच्या कडेवर उभ्या असलेल्या एका मुलीजवळ तो थांबतो, तिच्याशी बोलतो, तिला जवळ घेतो. एका पानाचा प्रसंग. हिरो कशाला म्हणायचं, ते त्यात आलं.

दुसरा भाडेकरू स्कॉट स्नायडर. २०११ मध्ये डीसीने सगळी मासिकं पुन्हा एक नंबरपासून सुरू केली, तेव्हा ‘बॅटमॅन’ स्नायडर आणि चित्रकार ग्रेग कपुलोकडे आलं. स्नायडर मुळात हॉररवाला. त्याचा प्रश्न साधा होता. ज्या शहराचा कोपरा न् कोपरा आपल्याला माहीत आहे असं बॅटमॅनला वाटतं, ते शहर मुळात त्याचं नसेलच तर? ‘कोर्ट ऑफ आउल्स’मध्ये गॉथम शहर शतकानुशतकं आतून चालवणारी एक गुप्त टोळी निघते. पाचव्या अंकात बॅटमॅन त्यांच्या भूलभुलैयात अडकतो आणि पानंच फिरायला लागतात. वाचता वाचता पुस्तक आडवं, मग उलटं धरावं लागतं. हिरोबरोबर आपलंही डोकं गरगरतं. सॉलिड!

पण स्नायडरची सुरुवात जितकी जबरदस्त, तितके शेवट जड जातात. धोका वाढवत नेण्यात हा वस्ताद. शहर, मग देश, मग अख्खं विश्व पणाला लागतं आणि शेवटच्या अंकात त्या मानाने फटाका लवंगीच निघतो. व्हिलन लढण्याआधी लांबलचक भाषणं देतात, ते वेगळंच. आपल्या स्टेजवरचे खलनायक परवडले! तरी हा गडी नवं करून बघायला घाबरत नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’मध्ये त्याने ब्रूस वेनचा बंगला, बटलर आणि बँक बॅलन्स काढून घेतला. हा ब्रूस एका शिक्षकाचा मुलगा आहे आणि स्वतः सिव्हिल इंजिनीअर. पैसा काढून घेतल्यावर बॅटमॅन उरतो का? ईएमआय भरणाऱ्या वाचकाला याहून जवळचा बॅटमॅन मिळणार नाही.

तिसरा टॉम किंग. हा आधी सीआयएमध्ये दहशतवादविरोधी विभागात होता. युद्ध बघून घरी परतलेल्या माणसाच्या डोक्यात काय चालतं, हेच याचं मैदान. त्याच्या ‘मिस्टर मिरॅकल’चा (२०१७-१९) हिरो जगातला सर्वांत मोठा सुटका-जादूगार आहे. त्याला फक्त स्वतःच्या निराशेतून सुटता येत नाही. ऐकायला जड वाटतं ना? पण त्यातच एक अंक असा आहे, की नवरा-बायको शत्रूच्या किल्ल्यात मारामारी करत आत शिरताहेत आणि सगळा वेळ चर्चा चाललीय ती फ्लॅटच्या रिनोव्हेशनची. लग्न झालेल्या कुणालाही हा सीन पटेल.

२०१६ मध्ये किंगकडे बॅटमॅन आला. त्याने बॅटमॅनला कॅटवुमनसमोर गुडघ्यावर बसवलं. सुखी झालो तर मी बॅटमॅन राहीन का, हा प्रश्न घेऊन पन्नासाव्या अंकापर्यंत लग्नाची हवा केली. जुलै २०१८ मध्ये लग्न मोडलं, तेही कसं? अंक दुकानात यायच्या आधीच एका मोठ्या दैनिकात शेवट छापून आला. शंभर अंकांचा बेत होता, पण गाडी २०१९ मध्ये पंच्याऐंशीवर थांबली. किंगचा वीक पॉइंट म्हणजे त्याचा एकच राग. तीच नऊ चौकटींची पानं, तीच अर्धवट तोडलेली वाक्यं, प्रत्येक हिरोच्या मनात तीच जखम. पहिल्यांदा वाचताना काळजाला हात घालतो. चौथ्या पुस्तकात वाटतं, अरे, या जगात एक तरी माणूस बरा आहे का?

एक बोलका, एक इंजिनीअर

आता मार्वलच्या गल्लीत येऊ. इथे दोन लेखकांची तुलना करायला आयता चान्स आहे. ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ याच नावाची मालिका २००० मध्ये ब्रायन मायकल बेंडिसने सुरू केली आणि २०२४ मध्ये, नव्या पात्ररचनेसह, जोनाथन हिकमनने.

१९६२ मध्ये स्पायडर-मॅनची जन्मकथा अकरा पानांत आटोपली होती. कोळी चावला, काका गेले, धडा मिळाला, संपलं. बेंडिसने तीच गोष्ट कित्येक अंक पुरवली. का? कारण त्याला कोळ्यापेक्षा पीटरच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर जास्त रस होता. काका-काकूंची कुजबुज, कॅन्टीनमधली टिंगल, मेरी जेनबरोबरचं अडखळतं बोलणं. बेंडिसची माणसं आपल्यासारखी बोलतात. वाक्य अर्धवट सोडतात, एकमेकांना तोडतात, ‘काय?’ ‘काही नाही’ करतात. काका मरतात तेव्हा म्हणूनच लागतं, तोवर ते आपलेही झालेले असतात. चित्रकार मार्क बॅगलीबरोबर त्याने या मालिकेचे सलग १११ अंक काढले. २०११ मध्ये माइल्स मोरालेसही त्यानेच चित्रकार सारा पिकेल्लीबरोबर घडवला.

पण गप्पा रंगल्या की घड्याळाकडे लक्ष राहत नाही, तसं बेंडिसचं होतं. ‘सीक्रेट इन्व्हेजन’सारख्या (२००८) पन्नास हिरोंच्या गोष्टीत सगळेच एका आवाजात बोलायला लागतात. नॉर्स देव असो की क्वीन्सचा पोरगा, टोमणा एकाच साच्यातला. कथा रेंगाळते आणि शेवटी धावत गाडी पकडावी तसा शेवट होतो.

हिकमन याच्या बरोबर उलट. तो गोष्ट सांगण्याआधी ब्लू-प्रिंट काढतो. त्याची ‘ॲव्हेंजर्स’ २०१२ च्या शेवटी सुरू झाली आणि तिचा हिशेब २०१५ च्या ‘सीक्रेट वॉर्स’मध्ये चुकता झाला. मध्ये एकही बिल हरवलं नाही! २०१९ मध्ये त्याने एक्स-मेनना क्राकोआ नावाचं स्वतंत्र राष्ट्र दिलं. राज्यघटना, परराष्ट्र धोरण, मेलेल्यांना परत आणायची यंत्रणा, सगळं आलं. मध्ये मध्ये चक्क तक्ते आणि रिपोर्टची पानं. ऑफिसात प्रेझेंटेशन बनवून कंटाळलेल्यांनी जरा सांभाळून. तोटा उघड आहे. नकाशा इतका मोठा, की माणसं त्यावरच्या टाचण्या होतात. शिवाय इतकी वर्षं वाट बघायला सगळे तयार असतात असं नाही. क्राकोआवर इतर लेखकांना आणखी रमायचं होतं, तेव्हा आपला मूळ आराखडा पुरा न करताच हिकमन २०२१ च्या शेवटी तिथून बाहेर पडला.

म्हणूनच त्याच्या स्पायडर-मॅनने सगळ्यांना चकवलं. इथे पीटर पस्तिशीच्या आसपासचा आहे. बायको, दोन मुलं, बरी नोकरी, आणि तरी काहीतरी राहून गेल्याची हुरहुर. शक्ती त्याच्याकडे आता येते आणि घ्यायची की नाही, हे त्याने ठरवायचं. बेंडिसचा पीटर आपण कॉलेजात होतो तसा. हिकमनचा पीटर आपण आता होत चाललोय तसा. नकाशे काढणारा हा माणूस घरातल्या चार माणसांवर इतका हळुवार लिहील, असं कुणाला वाटलं होतं?

घर कुणाचं, भाडं कुणाला?

इथवर सगळं चवीचं झालं. आता जरा पैशाचं बोलू, कारण खरी गोम तिथे आहे.

एड ब्रुबेकरने २००५ मध्ये ‘कॅप्टन अमेरिका’ हाती घेतलं आणि अशक्य वाटणारं काम केलं. कॅप्टनचा जोडीदार बकी दुसऱ्या महायुद्धात मेला होता. कॉमिक्समध्ये कुणीच कायमचं मरत नाही, बकी सोडून, असं वाचक गमतीने म्हणायचे. ब्रुबेकर आणि चित्रकार स्टीव्ह एप्टिंगने त्याला रशियनांचा थंड डोक्याचा मारेकरी ‘विंटर सोल्जर’ म्हणून परत आणलं. ब्रुबेकरची ताकद संयमात आहे. हेरकथेची लय, कमी शब्द आणि प्रत्येक पात्राच्या मागे एक जुनं पाप. मर्यादाही तीच. त्याच्या जगात कायम पावसाळी संध्याकाळ. हसणं शोधावं लागतं.

या कथेवर २०१४ मध्ये त्याच नावाचा सिनेमा आला, जगभर धो धो चालला. त्यात ब्रुबेकरचं अगदी छोटं कामही आहे. २०२१ मध्ये त्याने जाहीरपणे सांगितलं, की विंटर सोल्जर निर्माण करण्यापेक्षा त्या छोट्या भूमिकेच्या मानधनातून आपल्याला जास्त पैसे मिळाले. पुन्हा वाचा हे वाक्य. भाडेकरूने वर अख्खा मजला चढवला आणि त्याचं भाडं मालकाच्या खात्यात गेलं. कायद्याने चूक काहीच नाही, करारच तसा असतो. पण ब्रुबेकरने पुढे चित्रकार शॉन फिलिप्सबरोबर ‘क्रिमिनल’सारख्या स्वतःच्या मालकीच्या गोष्टींतच मुक्काम का केला, ते कळतं.

हे गणित सर्वांत लवकर उमगलं ते मार्क मिलारला. एका वाक्यात अख्खी गोष्ट विकावी ती यानेच. हिरोंना सरकारी लायसन्स सक्तीचं केलं तर? झाली ‘सिव्हिल वॉर’ (२००६-०७). त्याच्या ‘अल्टिमेट्स’मध्ये (२००२) ब्रायन हिचने निक फ्यूरीला सॅम्युअल जॅक्सनचा चेहरा दिला, आणि सहा वर्षांनी पडद्यावर खरोखर जॅक्सनच अवतरला. मिलारचा दोष म्हणजे धक्क्याची चटक. क्रौर्य स्वस्त होतं, बायकांची पात्रं नुसती मार खायला उरतात आणि मोठा राजकीय प्रश्न शेवटी गुद्दागुद्दीत मिटतो. पण धंद्याच्या बाबतीत मानलं पाहिजे! ‘किक-ॲस’ आणि ‘किंग्जमन’ त्याने मार्वलला देऊन टाकले नाहीत. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सने त्याची मिलारवर्ल्ड ही कंपनीच विकत घेतली.

आपल्या गल्लीतले

सगळेच हिरो न्यूयॉर्कचे गोरे पोरगे का असावेत? यावरचं आजवरचं गोड उत्तर जी. विलो विल्सनने दिलं. २०१४ च्या ‘मिस मार्वल’मधली कमला खान जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी वंशाच्या घरातली सोळा वर्षांची मुलगी. रात्री पार्टीला जाऊ देत नाहीत म्हणून चिडणारी. विल्सनची ताकद म्हणजे घर. अब्बू रागावतात तेव्हा ते व्हिलन वाटत नाहीत, काळजीत पडलेले वडील वाटतात. पहिल्या खंडाला २०१५ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. कमी पडतात ते व्हिलन. आणि मार्वलची मोठी युद्धं मध्येच घुसली, की ही छोटीशी छान गोष्ट धडपडते.

मुंबईलाही २००४ मध्ये आपला स्पायडर-मॅन मिळाला. शरद देवराजन, सुरेश सीताराम आणि जीवन कांग यांचा पवित्र प्रभाकर. धोतर नेसून उड्या मारणारा हा स्पायडी दिसायला झकास. पण गोष्ट? अंकल बेनचे भीमकाका झाले, मेरी जेनची मीरा जैन, नॉर्मन ऑसबॉर्नचा नलिन ओबेरॉय. नावं बदलली, नकाशा तोच राहिला. २०२३ च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ सिनेमात पवित्र परत आला, तेव्हा कुठे त्याला स्वतःचा असा टपोरी तोरा मिळाला.

खरी मुंबई हवी असेल तर राम व्ही वाचा. मूळचा मुंबईचा, राहतो लंडनला. ‘द मेनी डेथ्स ऑफ लैला स्टार’मध्ये (२०२१) माणूस अमर होणार म्हणून मृत्यूच्या देवीची नोकरी जाते आणि ती मुंबईत माणसाच्या देहात येऊन पडते. सुपरहिरोची नाही ही गोष्ट, पण कॉस्ट-कटिंग बघितलेल्या कुणालाही भिडेल. २०२२ ते २०२४ मध्ये त्याने ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’मधला बॅटमॅन ऑपेरासारखा लिहिला. भाषा देखणी, वातावरण दाट. मात्र ख्याल चांगलाच विलंबित आहे. द्रुत कधी येणार म्हणून चुळबुळ होते.

मग जिंकलं कोण? खरं सांगायचं तर हा प्रश्नच चुकीचा. कुणाचा दोष तुम्ही आनंदाने सहन कराल, हे विचारा. मॉरिसनचा गोंधळ की किंगची उदासी? बेंडिसची बडबड की हिकमनचे तक्ते? ज्याचं उत्तर पटकन आलं, तो तुमचा लेखक. आणि त्याचं नाव लक्षात ठेवा. हिरो कंपनीचा आहे, सिनेमा स्टुडिओचा आहे. लेखकाच्या वाट्याला बऱ्याचदा तेवढं नावच उरतं.

कुठून सुरुवात कराल?

• काहीच वाचलेलं नाही: ‘ऑल-स्टार सुपरमॅन’. बारा अंक, गोष्ट पूर्ण.

• थ्रिलर आवडतात: ब्रुबेकरचा ‘विंटर सोल्जर’. सिनेमा बघितला असला तरी वाचा.

• भीती वाटायला हवी: स्नायडरचं ‘कोर्ट ऑफ आउल्स’. लोकलमध्ये पुस्तक उलटं धराल तेव्हा शेजारचे बघतील, बघू द्या.

• नवीन लग्न झालंय: ‘मिस्टर मिरॅकल’. मूड आधीच खाली असेल तर मात्र पुढच्या महिन्यात.

• तिशी ओलांडली: हिकमनचा ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’.

• धाकट्या बहिणीला गिफ्ट: ‘मिस मार्वल’, पहिला खंड. द्यायच्या आधी स्वतः वाचून घ्या, नंतर परत मिळणार नाही.